गावकूस, चाळ आणि ऑकलंड : वस्तीची रचना व सामाजिक समता

(मंडळाने साजऱ्या केलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंती महोत्सवातील व्याख्यानाचा लेखी पाठ)



तथागत भगवान बुद्ध व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पवित्र स्मृतीस प्रथम विनम्र अभिवादन करून आम्ही आमच्या विषयास सुरुवात करतो. ह्या व्यासपीठावरून दरवर्षी धम्म, शिक्षण, आरक्षण, संविधान अशा विषयांवर विद्वान वक्त्यांची भाषणे होतात. आम्ही विद्वान नाही. तथापि मंडळाने आज्ञा केली म्हणून आम्ही एक साधा विषय निवडला आहे. माणसाने राहावे कुठे, त्याच्या शेजारी कोणी राहावे, आणि हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा? विषय घराचा आहे, रस्त्याचा आहे, कोपऱ्यावरच्या दुकानाचा आहे. परंतु आपल्या पिढ्यान् पिढ्यांचे दुःख ह्याच विषयात साठलेले आहे, असे आमचे नम्र मत आहे.

भारतातील खेड्याचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. मध्ये पाटलाचा वाडा, देऊळ, चावडी, भोवती जातवार आळ्या, मग गावकूस, आणि गावकुसाबाहेर, जिथे गावचे सांडपाणी वाहत येते त्या बाजूस, आपला महारवाडा. ही रचना कोणा वास्तुशास्त्रज्ञाने कागदावर काढली नव्हती, परंतु कोणत्याही कागदी आराखड्यापेक्षा ती अधिक काटेकोरपणे पाळली गेली. जातिव्यवस्था ही केवळ श्रमांची विभागणी नसून श्रमिकांची विभागणी आहे, असा सिद्धांत बाबासाहेबांनी 1936 साली मांडला. त्याच न्यायाने आम्ही म्हणतो की, गावकूस म्हणजे केवळ जमिनीची विभागणी नव्हे, ती माणसांची विभागणी आहे. 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत बोलताना बाबासाहेबांनी खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांचा जो समाचार घेतला, त्याच्या मुळाशी हा नकाशा होता.

म्हणून आपला माणूस शहराकडे निघाला. शहरात कोणी जात विचारणार नाही, अशी त्याची आशा होती. ही आशा किती खरी ठरली? 1917 साली परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेले बाबासाहेब बडोदे संस्थानाच्या नोकरीत रुजू झाले. त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत नाव बदलून ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. हिंदू मित्राने असमर्थता दाखविली, ख्रिस्ती मित्रानेही दाखविली. एका सार्वजनिक बागेत झाडाखाली बसून त्या महापुरुषाने तास काढले व रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. पदवी होती, हुद्दा होता, पगार होता; छप्पर नव्हते. ज्या शहरात छप्पर मिळत नाही, त्या शहरात पदवी निरुपयोगी ठरते, हा धडा आपल्या सर्वांनी, विशेषतः उच्चशिक्षित म्हणून परदेशी आलेल्यांनी, विसरता कामा नये.

आता मुंबईकडे वळू. 1896 च्या प्लेगनंतर मुंबईत सुधारणा विश्वस्त मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले व त्याने चाळी बांधल्या. परळच्या अशाच बी. आय. टी. चाळीत बाबासाहेबांचे कुटुंब सुमारे वीस-बावीस वर्षे दोन खोल्यांत राहिले. जवळच दामोदर हॉल होता. 1924 साली बहिष्कृत हितकारिणी सभेचा जन्म तिथेच झाला. भोवती गिरण्या, खाली रस्त्यावर वाण्याचे दुकान, शिंपी, खाणावळ, पिठाची गिरणी. घर, काम, बाजार व चळवळ ही सारी चालत जाण्याच्या अंतरावर होती. आजचे नगररचनाकार ज्यास मिश्र वापराची वस्ती म्हणतात, ती आपल्या आजोबांच्या पायांखाली होती. पायी येणारा माणूस सभेला येऊ शकत होता, म्हणूनच चळवळ उभी राहिली, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु केवळ जवळ राहिल्याने समता येते काय? ह्याचेही उत्तर मुंबईनेच दिले आहे. एकाच गिरणीत आपले लोक काम करीत, तरी कापड विणण्याच्या खात्यात त्यांना शिरकाव नव्हता. कारण तिथे धोट्यातील धागा तोंडाने ओढावा लागे व त्याचा इतरांना विटाळ होई. 1920 च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग व शिवडी येथे बी. डी. डी. चाळींच्या 207 इमारती उठल्या. 160 चौरस फुटांच्या त्या खोल्यांत सर्व जातींचे कामगार राहू लागले; तरी कोणती इमारत कोणाची हे सर्वांना ठाऊक असे. 1974 च्या जानेवारीत वरळीला दंगल पेटली, तेव्हा एका अंगणात वाढलेल्या मुलांनी एकमेकांवर दगड उचलले. पुढील मोर्चावर इमारतीवरून फेकलेल्या दगडाने भागवत जाधव शहीद झाले. त्याच चाळी आता पाडून उंच इमारती होत आहेत व 2025 च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या पहिल्या 556 कुटुंबांना 500 चौरस फुटांची घरे मिळाली. आनंदाची गोष्ट आहे. पण नव्या इमारतीत नवे गावकूस उठणार नाही, ह्याची हमी भिंती देत नाहीत. दुसरीकडे, एका समाजापुरते सभासदत्व मर्यादित ठेवणारा गृहनिर्माण संस्थेचा नियम आपल्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली ग्राह्य धरला. अमुक आहार करणाऱ्यांनाच जागा, ही पाटी तर मुंबईत आपण स्वतः वाचलेली आहे. आडनाव न विचारता ताट विचारले, की काम भागते!

बंधू-भगिनींनो, हे सारे मागे टाकून आपण हजारो मैल दूर ह्या सुंदर देशात आलो. 2023 च्या जनगणनेत न्यूझीलंडमधील भारतीय वंशाच्या लोकांची संख्या सुमारे 2 लाख 92 हजार नोंदली गेली. ह्या देशात गावकूस नाही, असे आपण मुलांना सांगतो. ते कितपत खरे आहे, हे आता तपासू.

ऑकलंडच्या दक्षिणेस पुकेकोहे नावाचे गाव आहे. कांदा-बटाट्याची भाजी तिथून येते, एवढेच आपल्याला माहीत असते. ह्याच गावात 1920 च्या दशकाच्या मध्यास 'व्हाइट न्यूझीलंड लीग' नावाची संघटना निघाली. हिंदी व चिनी शेतकऱ्यांना जमीन मिळू नये, हा तिचा हेतू होता. 1926 साली येथील हिंदी लोकांनी आपली मध्यवर्ती संघटना स्थापन केली, ती ह्याच वातावरणात. आणि त्याच पुकेकोहेत, भाजीच्या मळ्यांवर राबणाऱ्या माओरी कुटुंबांना मळ्याच्या कडेला खोपटांत राहावे लागे. गावातील काही न्हावी त्यांचे केस कापीत नसत. चित्रपटगृहात त्यांची बसण्याची जागा वेगळी होती. अस्वच्छ खोपटांतील रोगराईने त्यांची लेकरे दगावली. न्हाव्याने वस्तरा न लावणे म्हणजे काय, हे ह्या सभागृहातील ज्येष्ठांना समजावून सांगण्याची गरज नाही. भगवान बुद्धांनी उपाली नावाच्या न्हाव्यास शाक्य राजपुत्रांच्या आधी दीक्षा दिली, जेणेकरून राजपुत्रांनी त्यास वंदन करावे. अडीच हजार वर्षांनंतर जगाच्या दुसऱ्या टोकास त्याच धड्याची गरज होती.

आता ओराकेईची कथा ऐका. आज ऑकलंडमधील अत्यंत महाग उपनगरांत त्याची गणना होते. तिथे ओकाहू बे ह्या समुद्रकाठी न्गाती फातुआ लोकांचे गाव होते. 1910 च्या दशकात शहराच्या मैल्याची नळी त्या गावासमोरून नेण्यात आली व शिंपल्यांची खाडी नासली. शहराची घाण कोणाच्या दारातून वाहावी, हे येथेही ठरलेले होते! पुढे जमीन तुकड्या-तुकड्याने सरकारजमा झाली. 1950 च्या दशकाच्या आरंभी, ब्रिटिश राणीच्या भेटीपूर्वी, उरलीसुरली घरे पाडून जाळण्यात आली व लोकांना टेकडीवरील सरकारी भाड्याच्या घरांत हलविले. त्यांच्या हाती राहिली ती पाव एकराची दफनभूमी. जवळच्या बॅस्टियन पॉइंटची जमीन श्रीमंतांच्या घरांसाठी विकण्याचा घाट घातला गेला, तेव्हा 5 जानेवारी 1977 रोजी जो हॉक यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी तिथे ठाण मांडले. 506 दिवस तो सत्याग्रह चालला. 25 मे 1978 रोजी पोलीस व लष्कर आणून 222 जणांना अटक झाली. परंतु लोक हरले नाहीत. वैतांगी न्यायाधिकरणाने 1987 साली त्यांच्या बाजूने अहवाल दिला व जमीन परत मिळाली. महाडचा संग्राम ज्यांच्या रक्तात आहे, त्यांनी 506 हा आकडा पाठ करावा.

ह्या देशाच्या सरकारी घरांचा इतिहासही बोधप्रद आहे. 1937 च्या सप्टेंबरमध्ये वेलिंग्टनच्या मिरामार भागात पहिले सरकारी घर भाडेकरूस मिळाले, तेव्हा पंतप्रधान मायकेल जोसेफ सॅव्हेज यांनी स्वतः जेवणाचे टेबल उचलून आत नेले. केवढे थोर दृश्य! श्रमिकाच्या घरी पंतप्रधान हमाल झाला. परंतु त्या घरांची दारे 1940 च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत माओरी कुटुंबांना जवळजवळ बंदच होती. नंतर ती उघडली, तेव्हा एक नवे धोरण आले. माओरी कुटुंबे एकत्र न वसविता पाकेहा, म्हणजे गोऱ्या, कुटुंबांच्या वस्तीत एक इथे, एक तिथे अशी विखरून टाकावीत. पदार्थावर मिरपूड भुरभुरावी तसे, म्हणून त्या धोरणास मिरपूडदाणीवरून नाव पडले. वरवर पाहता ही मिश्र वस्तीच होय. तथापि मिसळण्याची अट अशी होती की, एकाने आपली भाषा, आपले आप्त, आपली सभेची जागा सोडावी व दुसऱ्याने काहीच सोडू नये. ह्यास समता म्हणत नाहीत. ह्यास विरघळविणे म्हणतात.

येथे एक प्रश्न आपणांपैकी कोणी विचारील. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली 1942 साली नागपूरच्या परिषदेत अस्पृश्यांसाठी स्वतंत्र गावांची मागणी झाली होती, मग आपण मिश्र वस्तीचा आग्रह कसा धरावा? उत्तर असे की, ती मागणी वेगळे राहण्याच्या हौसेतून आली नव्हती. सवर्णांच्या दयेवर जगण्यातून सुटका हवी होती. दोन्ही बाजूंचे मर्म एकच आहे : वस्ती वेगळी की मिश्र, ह्यापेक्षा निवड कोणाची, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा. गावकुसाने आपल्याला एकत्र कोंडले, मिरपूडदाणीने माओरी बांधवांना एकेकटे विखुरले. दोन्हीकडे निवड मात्र दुसऱ्याचीच होती.

आपल्या लाडक्या पोन्सनबीचेही उदाहरण घ्यावे. दुसऱ्या महायुद्धानंतर पॅसिफिक बेटांवरून आलेले कामगार पोन्सनबी, फ्रीमन्स बे, ग्रे लिन ह्या मध्यवर्ती भागांत राहिले, कारण घरे जुनी व भाडे स्वस्त होते आणि कामाला पायी जाता येई. शहर सुधारणेच्या नावाखाली 1950 च्या दशकापासून फ्रीमन्स बेची घरे पाडली गेली. 1974 ते 1976 ह्या काळात पहाटे दारे ठोठावून पोलिसांनी ह्याच लोकांची कागदपत्रे तपासली. त्याबद्दल सरकारने 1 ऑगस्ट 2021 रोजी जाहीर क्षमा मागितली. हळूहळू ही कुटुंबे ओतारा, मांगेरे येथे दूर गेली व जुन्या लाकडी घरांच्या किमती आभाळाला भिडल्या. ह्याच पोन्सनबी परिसरात 1971 साली तरुणांनी पॉलिनेशियन पँथर्स ही संघटना काढली. भाडेकरूंना मदत, मुलांसाठी अभ्यासिका अशी त्यांची कामे होती. पुढच्याच वर्षी, 1972 साली, मुंबईत दलित पँथर जन्मली. दोघांनीही अमेरिकेतील ब्लॅक पँथरपासून स्फूर्ती घेतली. ज्या शहरात आपण राहतो, तिथे आपले एक सख्खे भावंड आधीपासून होते, आणि आपल्यापैकी किती जणांना त्याचा पत्ता होता?

आता आजच्या आराखड्यांकडे येऊ. ह्या देशात पाव एकर जमीन, मधोमध एक घर, पुढे हिरवळ व दोन मोटारी, हे सुखाचे चित्र मानले गेले. नियमही तसेच झाले : येथे फक्त घरे, तिथे फक्त दुकाने, पलीकडे कारखाने. परिणाम काय होतो? मोठ्या जमिनीवर एकच घर बांधावयाचे, हा नियम कोणाचे नाव घेत नाही, जात विचारत नाही, वर्ण पाहत नाही. तो फक्त किंमत ठरवितो. आणि ज्यांच्या वाडवडिलांची जमीन गेली, ज्यांचे पगार कमी, ते आपोआप वेशीबाहेर राहतात. एका खोलीत अनेकांनी झोपायचे, ओल धरलेल्या भिंतींत मुले वाढवायची, आणि मग माओरी व पॅसिफिक मुलांनाच संधिवाताचा ताप अधिक का होतो, म्हणून परिसंवाद भरवायचे!

हे बदलण्याचे प्रयत्न झाले, हे नमूद केले पाहिजे. 2016 च्या नोव्हेंबरमध्ये अमलात आलेल्या ऑकलंडच्या एकत्रित आराखड्याने शहराच्या सुमारे तीन-चतुर्थांश निवासी जमिनीवर पूर्वीपेक्षा दाट बांधकामास मुभा दिली. ऑकलंड विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञांनी पुढे अभ्यास केला तेव्हा अशा भागांत बांधकाम लक्षणीय वाढल्याचे व भाडी एरवी जितकी चढली असती तितकी न चढल्याचे त्यांना आढळले. 2020 च्या राष्ट्रीय धोरणाने जलद वाहतुकीच्या स्थानकांभोवती किमान सहा मजल्यांना वाट करून दिली आणि प्रत्येक इमारतीस मोटारींच्या जागेची सक्ती काढून टाकली. 2021 च्या डिसेंबरात दोन्ही मोठ्या पक्षांनी मिळून तीन मजल्यांच्या तीन घरांना सरसकट परवानगीचा कायदा केला. 2023 साली त्यांतील एका पक्षाने हात काढून घेतला व पुढे ऑकलंडला आपला वेगळा आराखडा करण्याची मोकळीक मिळाली. अशा रीतीने गाडी दोन पावले पुढे, एक पाऊल मागे चालली आहे.

परंतु केवळ मजले वाढवून समता येत नाही. ग्लेन इनेस येथे जुन्या सरकारी घरांच्या जागी दाट वस्ती उभारण्याचे काम सुरू झाले, तेव्हा तिथे आयुष्य काढलेल्या भाडेकरूंनी निषेध केला. घर नवे मिळेल, पण शेजार जाईल, हे त्यांचे दुःख होते. हॉब्सनविल पॉइंट ह्या जुन्या हवाई तळावर सुंदर मिश्र वस्ती झाली. शाळा, दुकाने, नावेचा धक्का सारे पायी जाण्यासारखे. तथापि आरंभीच्या योजनेत असलेली सरकारी भाड्याची घरे राज्यकर्ते बदलल्यावर वगळली गेली. खाली दुकान व वर घर एवढ्याने वस्ती मिश्र होत नाही. खालच्या दुकानात झाडू मारणाऱ्या बाईस वरच्या मजल्यावर राहणे परवडले, तरच ती वस्ती खरी मिश्र.

आता आम्ही एक कबुली देणार आहोत. दोष दुसऱ्यांचे सांगणे सोपे असते. काही वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत एका जुन्या घराच्या जागी तीन मजली घरे व खाली दोन गाळे होणार, असे कळले. त्यांतील काही घरे सरकारी भाडेकरूंसाठी होती. आमचे एक शेजारी, आपल्याच देशातील, विरोधाचा अर्ज घेऊन आमच्या दारी आले. पहिल्या भेटीत ज्यांनी आमचे आडनाव दोनदा विचारून घेतले होते व नंतर कधी आमच्या घरचे पाणी घेतले नव्हते, तेच हे गृहस्थ. त्या दिवशी मात्र ते सोफ्यावर बसले, चहा प्यायले व म्हणाले, "अहो, आपल्या घरांच्या किमती पडतील. तसले लोक येतील." 'आपल्या' हा शब्द ऐकून आम्ही सुखावलो. आम्ही उभयतांनी सही केली.

त्या वेळी आमची आई मुंबईहून आली होती. तिचे आयुष्य चाळीत गेले. इथे आल्यापासून ती खिडकीत बसून रस्ता पाहत असे. कारण जवळचे दुकान अर्ध्या तासाच्या चालीवर, आणि तिला मोटार चालविता येत नाही. शेजारी गेल्यावर तिने विचारले, "कसला कागद होता रे?" आम्ही सांगितले. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आमच्या गावाला सरकारनं आपल्या लोकांना पांढरीत घरं द्यायचं ठरवलं होतं. तवा बी असाच कागद फिरला होता. समद्यांनी अंगठे दिले. तुझ्या आजाला कुणी इचारलं बी न्हाई. आता तुला इचारलं, आन् तू अंगठा दिलास."

बंधू-भगिनींनो, एवढ्या शिक्षणानंतर आमची सही ही अंगठाच ठरली. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही त्या शेजाऱ्यांकडे जाऊन सही मागे घेतली व वसाहतीच्या बाजूने वेगळे निवेदन लिहिले. ते गृहस्थ आजही आमच्याशी बोलत नाहीत. ती घरे उभी राहिली. खालच्या एका गाळ्यात भाजी मिळते. आई पुढच्या खेपेस आली, तेव्हा रोज सकाळी पिशवी घेऊन तिथे जाई. वरच्या मजल्यावरील समोआच्या आजीबाई व ती, दोघींना एकमेकींची भाषा येत नाही. तरी बाकावर तासन् तास बसत. एका अर्जाने आम्ही हे सारे होऊ देणार नव्हतो, ही टोचणी अजून आहे.

म्हणून आमच्या काही सूचना आहेत, त्यांचा आपण विचार करावा.

पहिली सूचना : नगररचनेच्या आराखड्यात बदल सुचविले जातात, तेव्हा निवेदन देण्याचा अधिकार केवळ घरमालकांना नसून प्रत्येक माणसास आहे. भाडेकरू, विद्यार्थी, सर्वांनी लिहावे. ह्या देशात निवासी परवाना असलेला माणूस वर्षभर राहिल्यावर, नागरिकत्व न घेताही, मतदार होऊ शकतो. परिषदेच्या निवडणुकीस आपण सुटीचा दिवस समजू नये. विरोधाचा अर्ज दारी आला, तर सही करण्यापूर्वी एवढेच विचारावे : हा अर्ज 1917 साली बडोद्यात फिरला असता, तर तो कोणाविरुद्ध असता?

दुसरी सूचना : येथील 1993 च्या मानवी हक्क कायद्याने वंश, वर्ण, धर्म ह्यांवरून घर नाकारण्यास बंदी केली आहे. परंतु त्या कायद्यात 'जात' हा शब्द नाही. भाड्याची खोली दाखविताना आडनाव, गाव व आहार विचारणारे आपलेच देशबांधव आहेत. आपल्या नवागत मुलामुलींना ह्याचा अनुभव येतो व ते गप्प बसतात. मंडळाने अशा अनुभवांची नोंद ठेवावी, आणि ज्यांच्या घरी एक खोली मोकळी आहे त्यांनी पहिल्या महिन्यापुरती ती नव्या विद्यार्थ्यास द्यावी. दार मात्र केवळ आपल्या आडनावांपुरते उघडू नये. नाहीतर आपणही नवे गावकूस बांधू.

तिसरी सूचना विहाराविषयी आहे, आणि ती मतभेदाची आहे, हे आम्ही जाणतो. शहराबाहेर स्वस्तात मोठी जमीन घेऊन भव्य विहार बांधावा, असे काही बांधवांचे मत आहे. त्यांची श्रद्धा आम्ही मानतो. परंतु अनाथपिंडिकाने श्रावस्तीत तथागतांसाठी जागा शोधली, तेव्हा ती नगरापासून फार दूर नको, फार जवळ नको, लोकांना येण्या-जाण्यास सोपी हवी, हा निकष ठेवला आणि म्हणून जेतवन निवडले. आपल्या आया-बहिणींपैकी कितीजणी मोटार चालवितात? रात्रपाळी करून आलेला विद्यार्थी पेट्रोल कुठून आणणार? रेल्वे स्थानकाजवळ, खाली दुकाने असलेल्या इमारतीत, वरच्या मजल्यावर एक साधे सभागृह घ्यावे. तिथे रविवारी वंदना व्हावी, इतर दिवशी मुलांची अभ्यासिका चालावी, शेजारच्या माओरी व पॅसिफिक मुलांसाठीही ती खुली असावी. घुमट नसेल, परंतु जिना चढून कोणीही येऊ शकेल. दामोदर हॉलला तरी घुमट कुठे होता?

आपली मुले येथे वाढत आहेत. महारवाडा त्यांना शब्दकोशातून शिकावा लागतो, ही आपल्या पूर्वजांची कमाई आहे. परंतु ज्या देशात त्यांचा जन्म झाला, त्या देशातील गावकूस कोणाभोवती आहे, हे त्यांना डोळ्यांनी दिसले पाहिजे. आणि ते पाडताना त्यांचे आई-वडील कोणत्या बाजूस उभे होते, हेही त्यांना सांगता आले पाहिजे. बाबासाहेबांनी आपल्याला स्वातंत्र्य, समता व बंधुता ही त्रयी दिली. स्वातंत्र्य आपण विमानाने येताना बरोबर आणले, समता ह्या देशाच्या कायद्याने बऱ्याच अंशी दिली. बंधुता मात्र शेजाऱ्यांशीच सुरू होते, आणि म्हणून शेजार कोणाला मिळतो, हा धम्माचाही प्रश्न आहे.



जयभीम! नमो बुद्धाय!